रक्त द्यायला निघालेला माणूस

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुमच्या मागे झालेल्या त्या कार्यक्रमाला, समाजमंदिर भरून माणसं आली होती. सगळेच तुमच्याबद्दल चांगलं बोलले. एक जण माईक हातात घेऊन म्हणाले, "भाऊंनी शेवटपर्यंत रक्तदान केलं. किती लोकांच्या अंगात त्यांचं रक्त खेळून राहिलं, याची गणती नाही." लोकांनी माना हलवल्या. मी खाली बघत होते. शेजारी बसलेल्या आपल्या लेकीनं, प्रज्ञानं, माझा हात दाबला. त्या गर्दीत खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

तुम्ही तिथे असता तर उठून उभे राहिला असता. "नाई बाप्पा, तसं नाई ते," असं म्हणाला असता. आपल्याबद्दल जास्तीचं बोललेलं तुम्हाला कधी सहन झालं नाही. मी मात्र गप्प बसले. तिथे उठून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात साचलंय, म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी आले तेव्हा कोहमाऱ्याच्या चौकात तुमचं टायरचं दुकान नुकतंच उभं राहिलं होतं. रायपूरकडचे ट्रक, नागपूरकडचे ट्रक, गोंदियाहून येणाऱ्या बसगाड्या. मी शाळेतली मास्तरीण, हातात खडू. तुमच्या हाताला रबराचा वास, तो साबणानंही जायचा नाही. सुरुवातीला मला त्या वासाची शिसारी यायची. आता दुकानाचं शटर उघडलं की तिथेच उभं राहावंसं वाटतं.

तुमच्या रक्ताची गोष्ट मला माझ्या नणंदेकडून कळली. "दादाचा ग्रुप लय दुर्मीळ आहे, वहिनी," ती अशी सांगायची, जसं एखादी आपल्या माहेरच्या दागिन्याचं सांगते. ओ निगेटिव्ह. भीमजयंतीच्या शिबिरात तुम्ही पहिल्या रांगेत असायचे. शिबिरात मिळालेला बिस्किटाचा पुडा खिशात घालून घरी आणायचे, प्रज्ञासाठी. तिला लहानपणी वाटायचं, बाबा रक्त देतात आणि बदल्यात बिस्किटं मिळतात. ती एकदा म्हणाली, "बाबा, दोनदा द्या ना, दोन पुडे भेटतीन." तुम्ही इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं.

मधल्या दिवसांतही बोलावणं यायचं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची अडलेली बाळंतीण. मोटारसायकल दुकानासमोर थांबली आणि वरचा माणूस टायरकडे न बघता तुमच्याकडे बघू लागला, की तुम्हाला कळायचं. हातातलं काम ठेवून हात धुवायला लागायचे. इथे लोक पहिल्या भेटीत आडनाव विचारतात. तुम्ही म्हणायचे, "मी त्याईले ब्लड ग्रुपच सांगतो. मंग आडनाव कोनी इचारत नाई." गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची आई जातीपायी आपल्या घरचं पाणी घेत नव्हती. तिला तुमचं रक्त चढलं. बरी होऊन आल्यावर तिनं नव्या धानाचे तांदूळ पाठवले, आणि पुढे दर हंगामाला पाठवत राहिली. पाणी मात्र कधी घेतलं नाही. मला राग यायचा. तुम्ही तो भात चवीनं खायचे आणि म्हणायचे, "म्हातारी मह्या रक्ताची झाली आता. तिले माहीत नाई, एवढंच."

ते वर्ष प्रज्ञाच्या आठवीचं होतं. शिबिर होऊन गेलं होतं, शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. तुमच्या दुकानाशेजारच्या एसटीडीवाल्याकडे गोंदियाच्या रक्तपेढीतून फोन आला. भाऊंना भेटायला पाठवा, एवढाच निरोप. शिबिराला तीन महिने झाले नव्हते, तरी तुम्हाला वाटलं, कुणाचं तरी फारच अडलं असेल, रक्त पाहिजे असेल. रक्त द्यायला जायचं म्हणजे उपाशी जायचं नाही, हा माझा नियम. तुम्ही घरी आलात, अंघोळ केली, पोटभर जेवलात, धुतलेला सदरा घातलात. दारातून जाताना म्हणालात, "पाहून येतो, कोन अडकलं तं." रक्त द्यायला निघालेला माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. ते तुमचं जाणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

परतलात ते थेट घरी. दुकानाकडे गेला नाहीत. प्रज्ञा मैत्रिणीकडे गेली होती. तुम्ही पाट घेऊन चुलीजवळ बसलात आणि म्हणालात, "मह्या रक्तात एड्सचं दाखवून राह्यलं म्हनते."

रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासतात, त्यात शिबिरात दिलेली तुमची पिशवी अडकली होती. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला बाजूच्या खोलीत नेऊन नीट सांगितलं होतं, की ही पहिली चाळणी आहे, यावरून काही ठरत नाही, तपासणी केंद्रात जाऊन पुन्हा रक्त द्या. ते केंद्र त्याच आवारात होतं. तुम्ही तिथे गेला नव्हता. आधी मला सांगायचं म्हणून घरी आला होता.

दुसरा एखादा गुपचूप तपासून आला असता, लपवलं असतं, निदान पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबला असता. तुम्ही ती बातमी तशीच कच्ची, जशी मिळाली तशी माझ्यासमोर आणून ठेवली. याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. नवऱ्याचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही.

मग तुम्ही विचारलंत, "तुले मह्यावर भरोसा आहे का?"

मी म्हटलं, "उद्या दोघं जाऊ. माझंही रक्त तपासू."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तुम्ही उठून बाहेर गेलात. इथूनच आपलं ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. तुमचं म्हणणं, तुम्ही साधा हो-नाही प्रश्न विचारला आणि मी हात पुढे करून उत्तर टाळलं. माझं म्हणणं, मी तुमच्या सोबत आले. पुढे कधी मिठावरून वाजलं, कधी प्रज्ञाच्या कॉलेजवरून वाजलं, तरी शेवटी तुम्ही तिथेच यायचे: "तू तं सोताचं रक्त तपासाले निंगाली होती." आणि मी म्हणायची, "सोबत आले होते मी, सोबत."

केंद्रातल्या बाई नागपूरच्या होत्या, वयानं लहान. त्यांनी आपल्याला आधी वेगवेगळं बसवलं. मला काय विचारलं ते मी तुम्हाला सांगितलं. तुम्हाला काय विचारलं ते तुम्ही परतीच्या बसमध्ये सांगितलंत. हायवेवर धंदा आहे, ड्रायव्हर लोकांमध्ये उठबस आहे, कुठे बाहेर संबंध, कुठे सुई, कुठे गोंदण. "सगळं इचारलं तिनं. मी लाजलो नाई. सांगाले काही नव्हतंच, तं लाजू कायले?" रक्त काढणारा माणूस हिंदी बोलणारा होता. "मुट्ठी बांधो भैया," तो म्हणाला, आणि तुम्ही इतक्या सवयीनं मूठ बांधली की त्यानंही वर पाहिलं. तुम्ही त्याला विचारलंत, थुंकीतून नाही का कळत, रक्ताचा तर आता भरवसा गेला. तो हसला. थुंकीवरूनही तपासतात काही ठिकाणी, म्हणाला, पण आपल्याकडे रक्तच लागतं.

माझा रिपोर्ट साफ आला. तुमचा अडकला. त्या बाईंनी समजावून सांगितलं, की रक्त तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासलं. दोन वेळा खूण उमटली, एकदा उमटली नाही. ही तपासणी रोगाचा जंतू बघत नाही, जंतूशी लढायला अंगानं तयार केलेली द्रव्यं बघते. कधी अंगातलं दुसरंच काहीतरी तिथे जाऊन चिकटतं आणि खोटी खूण उमटते. आणि कधी रोग इतका नवा असतो की खूण अर्धवटच उमटते. यातलं कुठलं आहे ते आज सांगता येणार नाही. काही आठवड्यांनी पुन्हा या. तोवर काळजी घ्या.

बसमध्ये तुम्ही म्हणालात, "ट्यूब पान्यात बुडवली का कधी कधी बाहेरची हवाच बुडबुडा होऊन चिकटून राह्यते. नवा पोऱ्या असला तं पंक्चर समजून तिथंच खरडाले लागते." मी म्हटलं, "मग जुना माणूस काय करतो?" तुम्ही म्हणालात, "बोटानं पुसते अन् थांबते."

थांबणं तुम्हाला जमलं नाही पण. तुम्ही तुमचं ताट वेगळं केलंत, ग्लास वेगळा केलात, दाढीचं सामान उंच खुंटीवर टांगलंत, आणि ओसरीत झोपायला लागलात. मी सांगून दमले, की त्या बाई म्हणाल्या, एका ताटात जेवून होत नाही, घामानं होत नाही, अश्रूंनी होत नाही. तुम्ही म्हणायचे, "त्या बाईले काय, तिची लेक आहे का इथं?" एक दिवस प्रज्ञानं विचारलं, "आई, बाबा काऊन वेगळे बसून राह्यले?" मी तुमचा ग्लास उचलला, त्यात अर्धं पाणी होतं, ते पिऊन टाकलं, तिच्यासमोर, तुमच्यासमोर. तुम्ही माझ्यावर ओरडलात. आपल्या संसारात तुम्ही माझ्यावर इतक्या जोरात कधीच ओरडला नव्हता. मग पाणी प्यायलेल्या माणसाला रागावून काय उपयोग, असं वाटून की काय, तुम्ही गप्प झालात. संध्याकाळी ताट आमच्याजवळ घेऊन बसलात.

घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी दुकानात यायला लागले. सुट्ट्याच होत्या. सकाळचं आटपून डबा घेऊन मी चौकात यायची आणि तुमच्या जुन्या टायरच्या चळतीवर बसायची. तेंदूपत्त्याचे ट्रक चालू होते, लग्नांच्या गाड्या चालू होत्या, तुम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. मी पेपर मोठ्यानं वाचायची. तुम्ही काम करता करता मध्येच म्हणायचे, "हे पुन्हा वाच." दुपारी ऊन असं व्हायचं की रस्त्यावर गाडी दिसेनाशी व्हायची. तेव्हा आपण समोरच्या ढाब्याच्या नळावर थंड केलेलं टरबूज कापायचो. तुम्ही मला पंक्चर काढायला शिकवलंत. ट्यूब कशी घासायची, सोल्यूशन लावून किती वाळू द्यायचं, ठिगळ कसं दाबायचं. पहिली ट्यूब मी बसवली तेव्हा एक सरदारजी ड्रायव्हर टायरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मैडम, ये वाला रायपुर तक चलेगा ना?" तुम्ही म्हणालात, "मास्टरनी है, गलती पे खुद को ही छड़ी मारेगी."

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला तुमच्या बापाबद्दल सांगितलंत. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या कामावर ते कसे माती उचलायचे, आणि कालव्याला पहिलं पाणी आलं तेव्हा ते कसे आपल्या गुंठाभर जमिनीपाशी पळत गेले, तिथे पाणी पोचणार नाही हे माहीत असूनही. इतक्या वर्षांच्या संसारात हे तुम्ही सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच झाला नव्हता. लोकांना वाटेल, तो काळ आमचा काळजीत गेला. गेलाच. छातीवर दगड होता. तरी आज डोळे मिटले की मला आपल्या लग्नाचे दिवस आठवत नाहीत, तो उन्हाळा आठवतो. चौकातली धूळ, टरबुजाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं, आणि तुमचं ते "हे पुन्हा वाच."

पुन्हा गेलो तेव्हा तीनही वेळा खूण उमटली नाही. पक्कं व्हावं म्हणून आणखी काही महिन्यांनी बोलावलं, तेव्हाही नाही. त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला हा रोग नाही. कधी नव्हताच." मी तिथेच भिंतीला टेकून बसले. तुम्ही मात्र बाही वर सारत निघालात, थेट रक्तपेढीकडे. मी मागे धावत आले. तुम्ही आत जाऊन खुर्चीवर बसलात आणि हात पुढे केलात. "घ्या आता."

त्यांनी घेतलं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला बसवून सांगितलं, की तुमचं रक्त चाळणीत एकदा खूण दाखवून गेलंय, ते उद्याही दाखवू शकेल. अशी पिशवी कुणालाही देता येत नाही, मग खरं काही असो. रुग्णासाठी नियम आहे. तुम्ही विचारलंत, "अन् ती पहिली पिशवी?" ते म्हणाले, नष्ट केली.

तुम्हाला रोग असल्याचं ऐकून तुम्ही रडला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली रडलात. "रोग नाई म्हनते अन् रक्त फेकून देते," एवढंच तुम्ही म्हणत राहिलात. मी नियमाची बाजू घेऊन बोलले, मास्तरीण ना. बाळंतिणीला चढवायच्या रक्तात शंकेला जागा नको, असं काहीतरी. बरोबरच होतं ते. पण ती वेळ बरोबर बोलायची नव्हती.

त्याच हिवाळ्यात धान कापणीच्या दिवसांत आपल्या शेजारच्या लताला बाळंतपणासाठी गोंदियाला नेलं. तिचा दीर गाडी घेऊन दुकानासमोर थांबला आणि म्हणाला, "भाऊ, चला. ओ निगेटिव्हच पाहिजे." तुम्ही हात धुतलेत. नाही म्हणाला नाहीत. मागे बसून गेलात.

मला पुढचं तुम्ही सांगितलंत तेवढं माहीत. रक्तपेढीत त्या ग्रुपची पिशवी नव्हती. तुम्हाला एका शिबिरात भेटलेला माणूस आठवला, स्टेशनाबाहेर चहाची गाडी लावणारा. तुम्ही त्याच्याकडे गेलात. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तो म्हणाला, "ग्रुप तो आपका भी वही है भाऊ. आप क्यों नहीं दे रहे?" आणि तुम्ही त्या गर्दीत उभं राहून त्याला सगळं सांगितलंत. रक्तात काय दाखवलं, मग काय निघालं, आता का घेत नाहीत. आपल्या सख्ख्या भावालाही तुम्ही हे सांगितलं नव्हतं, प्रज्ञालाही पुढे ती मोठी झाल्यावर सांगितलंत. तो माणूस ऐकून घेऊन म्हणाला, "रुको, स्टोव बंद कर दूँ."

लता वाचली, पोरगा वाचला. गावाला वाटलं, रक्त तुमचं. तुम्ही चारचौघांत सांगितलंत, "मह्यं नाई, गोंदियाच्या एका चायवाल्याचं आहे." लोकांनी तो तुमचा मोठेपणा समजला. परवाच्या भाषणातली ती गोष्ट तिथून आलेली.

त्यानंतर तुम्ही देणारी माणसं जमवायला लागलात. शिबिराच्या दारात उभे राहायचे, घाबरलेल्या पोरांचा हात धरून आत न्यायचे, आणि स्वतः दारातच थांबायचे. ड्रायव्हर लोकांना तपासणीला घेऊन जायचे. कुणाचं खरंच निघालं तर त्याच्याशेजारी बसून राहायचे, बोलायचे नाही. मलाही तुम्ही सोडलं नाही, रक्त द्यायला नेलंत. माझं रक्त पातळ. तपासणीच्या निळ्या पाण्यात थेंब टाकला की तो तरंगायचा, बुडायला पाहिजे. दोनदा मला परत पाठवलं. मग तुम्ही सगळा हिवाळा लाखोरीची हिरवी पालेभाजी आणून माझ्यापुढे ठेवलीत आणि शेजारी बसून खाऊ घातलीत. पुढच्या भीमजयंतीला थेंब सरळ तळाला गेला. दारातून तुम्ही पाहिलंत. बिस्किटाचा पुडा मी तुम्हाला दिला.

आता ते भांडण मिटवू या. तुमच्यावर भरोसा होता का? त्या संध्याकाळी चुलीजवळ मला माहीत नव्हतं. हायवेवरच्या माणसाची बायको आहे मी, ऐकलेल्या शंभर गोष्टी डोक्यात होत्या. प्रज्ञाचा विचार होता. पण हात पुढे केला तो शंकेनं नाही. तो विचार इतका वेडा होता की मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही. मला वाटलं होतं, निघायचंच असेल तर दोघांचं निघू दे. तुम्हाला एकट्याला तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं. माझा रिपोर्ट साफ आला तेव्हा मला आनंद झाला नाही. तुमच्यापासून मला कुणीतरी उचलून दुसऱ्या काठावर ठेवल्यासारखं वाटलं. हे त्या वेळी सांगितलं असतं तर तुम्ही वेडी म्हणाला असता, आणि पुढची सगळी भांडणं वाचली असती.

छातीत कळ आली तेव्हा तुम्ही दुकानात होता. साकोलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीत. घरी आणल्यावर मला काही सुचत नव्हतं. प्रज्ञानं डोळे पुसून नेत्रपेढीला फोन लावला. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, की रक्त घेत नाही तं डोळे घेऊन जा म्हना. गोंदियाहून एक डॉक्टर आणि एक मुलगी आली. त्यांनी डोळे काढून घेतले, पापण्या अशा मिटवल्या की तुम्ही झोपल्यासारखे दिसत होता. मग त्या मुलीनं तुमच्या हातातून रक्त घेतलं. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "तपासावं लागतं काकू. एचआयव्ही, कावीळ. साफ निघालं तरच डोळे बसवता येतात."

तुमचा दंड तिच्या हातात होता, आणि या वेळी मूठ बांधायला तुम्ही नव्हता. प्रज्ञा मला धरून उभी राहिली. त्या मुलीला जुनं सगळं सांगावं का, असं आम्हा दोघींच्या मनात आलं. शेवटी प्रज्ञानंच सांगितलं, दाराशी नेऊन, हळू आवाजात. ती मुलगी म्हणाली, डॉक्टरांना सांगते, रक्त नव्यानं पूर्ण तपासू.

तुमची राख थंड झाली तरी फोन नव्हता. लोक येत होते, बसत होते, जात होते. मी कुणाशी काय बोलले ते आठवत नाही. पुण्यानुमोदनातही प्रज्ञाच्या मांडीवर फोन होता.

तो आज सकाळी आला. प्रज्ञा अंगणात बोलत होती, मी चुलीजवळून तिच्या पाठीकडे बघत होते. ती वळली, आत आली आणि तिनं फोन माझ्या कानाला लावला. तीच मुलगी होती. मी तिला म्हटलं, बाई, पुन्हा एकदा सांग.

"रिपोर्ट साफ आहे काकू," ती म्हणाली. "काकांचे डोळे बसवायला घेतले."